पाकटाचा काटा

आज बचतीचा हिशेब बाजूला ठेवू, आज पाकटाबद्दल बोलायचंय.

आपल्या गटातल्या एक काकू ओहोटीला खाडीत शिवल्या काढायला गेल्या होत्या. पाणी गढूळ. पाय टेकला आणि किंचाळल्याच. घोट्याजवळ पाकटाचा काटा घुसला होता. कुणी वर करकचून दोरी बांधली, कुणी जखमेत हळद भरली, एकीने तर ब्लेड मागवलं. कळ वाढतच गेली. मी तिथेच होते, पण मलाही काही ठाऊक नव्हतं. नंतर डॉक्टरांना विचारून घेतलं, तेच सांगते.

पाकट बाजारात सगळ्यांनी पाहिलंय, पाण्यात मात्र दिसत नाही. अंग भाकरीसारखं चपटं, पाठ वाळूच्या रंगाची. तळाशी बसून ते अंगावर वाळू ओढून घेतं, वर दिसले तर डोळे. शिवल्या, खेकडे, कोलंबी हे त्याचं खाणं. म्हणजे आपण ज्यासाठी जातो, त्यासाठीच तेही आलेलं! आपणहून ते मागे लागत नाही. पाठीवर पाय पडला की शेपूट उसळते आणि करवतीसारखा विषारी काटा लागतो. २०१३ साली गणपती विसर्जनात गिरगाव चौपाटीवर कितीतरी जणांना असंच झालं.

म्हणून पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत पुढे सरकवा. चाहूल लागली की पाकट निघून जातं.

काटा लागलाच तर जखम धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा, अर्धा ते दीड तास. निवलं की पाणी बदला. हे विष उष्णतेने मोडतं, कळ कमी होते. पण पाणी आधी चांगल्या पायाने बघा, दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. दोरी नको, ब्लेड नको. रक्त फार वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा. दवाखान्यात जायचंच, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो, शिवाय धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर उपटू नका, तसंच तातडीने न्या.

मासे विकणाऱ्या बायांनो, मेलेल्या पाकटाचा काटाही विषारीच असतो. तोडलेली शेपूट पोरं अनवाणी फिरतात तिथे टाकू नका.

काकूंच्या पायातून पुढे तुकडा निघालाच. आता त्या पुन्हा खाडीत जातात, पाय घासत घासत. पोरं हसतात. काकू म्हणतात, हसू देत.