तिथीची पाऊणपट
(सोसायटीच्या कोजागिरी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं आणि ‘हल्लीची लग्नं’ हा विषय दिला आहे. मी एकाच लग्नाबद्दल बोलतो.

माझ्या बहिणीच्या नातीचं लग्न मे महिन्यात दापोलीजवळ कर्द्याच्या किनाऱ्यावर होतं. डेस्टिनेशन वेडिंग! (आमचं वऱ्हाड एसटीने जायचं, तेही कुठल्यातरी डेस्टिनेशनलाच, म्हणा.) मंडपवाले घाटावरचे. सकाळी ओहोटीला त्यांना लांबरुंद वाळू दिसली, त्यांनी पार खाली मंडप घातला. मुहूर्त बारा-दहाचा, तिथी वैशाख वद्य प्रतिपदा.

दापोलीच्या शाखेत मी तीन वर्षं होतो. तिथल्या एका कोळी खातेदाराने मला हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. गणित ढोबळ आहे, अर्धा तास इकडेतिकडे. पण प्रतिपदेला पाऊण वाजता भरती, आणि पौर्णिमेलगतची, म्हणजे उधाणाची. ज्या पंचांगातून मुहूर्त काढला, त्याच पानावर तिथी छापलेली! मी मॅनेजरला सांगितलं. त्याने मोबाइल दाखवला, “काका, पाऊस झीरो परसेंट आहे.”

तिसऱ्या मंगलाष्टकाला पाणी गालिच्याखाली आलं. लोक आधी हसले, फोटो काढू लागले. पुढच्या लाटेबरोबर खुर्च्या हलल्या, आणि मला दिसल्या त्या वाळूवरून गेलेल्या जनरेटरच्या वायरी. मी ओरडलोच. गावातल्या एका पोराने धावत जाऊन जनरेटर बंद केला. अठ्ठ्याऐंशी वर्षांची माझी बहीण व्हीलचेअरवर, चाकं वाळूत रुतलेली. दोघा कोळ्यांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नारळाच्या वाडीत नेलं. फुलांची कमान गेली, अक्षतांचं तबक गेलं. अंतरपाट तेवढा भटजींनी सोडला नाही.

उरलेली मंगलाष्टकं वाडीत झाली. वाडीच्या मालकीणबाईंनी घरातले तांदूळ कुंकू लावून दिले. मुहूर्त पाऊण तासाने टळला होता, नवऱ्यामुलाचे वडील कुरकुरत होते. बहीण त्यांना म्हणाली, “व्याहीबुवा, समुद्राला आमंत्रण तुम्हीच दिलंत. आता जेवायला बसा.”

आपल्या बी विंगमध्ये दोन लग्नं ठरल्याचं ऐकतो. एक अलिबागला आहे. तारीख कळवा, पाऊणपट मी करून देतो.