एकट्या बाईला खोली मिळेल का?

(धरणगाव येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



हुंडा, मारहाण, दारू यांवर आपण नेहमी बोलतो. आज मला एका साध्या गोष्टीवर बोलायचं आहे. मोठ्या शहरातली भाड्याची खोली. यात बोलण्यासारखं काय, असं काहीजणींना वाटेल. पण आपल्या भागात काम करताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. मुलगी शिकते, नर्सिंग करते, परीक्षा देते. मुंबई-पुण्याहून नोकरीचा कॉल येतो. घरातला पहिला प्रश्न पगाराचा नसतो. माय विचारते, "तठे आपलं कोन शे?" उत्तर सापडत नाही, रुजू व्हायची तारीख निघून जाते आणि वर्षाच्या आत लग्न ठरतं. सगळे म्हणतात, घरच्यांनी पाठवलं नाही. खोली मिळाली नाही म्हणून नोकरी गेली, असं कुणीच म्हणत नाही.

मुलाला मात्र असं कुणी अडवत नाही, कारण त्याची सोय समाजाने फार पूर्वीच केली आहे. मुंबईच्या गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. कोकणातल्या, घाटावरच्या एकेका गावाने चाळीत एक खोली धरलेली असे. पाळीप्रमाणे माणसं झोपत, ट्रंक भिंतीला लावलेली, जेवण खानावळीत. गोव्याच्या लोकांचे गावागावांचे कूड धोबीतलावला होते. नवा आलेला पोरगा थेट तिथे जाई. या खोल्या पुरुषांच्या होत्या. बायको गावी शेत आणि सासू-सासरे सांभाळत राही. शहरातल्या ज्या बाया त्यांना रांधून घालत, त्यांचं कामही 'घरकाम' म्हणून मोजलं जात नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्या खानावळवाल्या संघटित झाल्या.

बाईला आधी छप्पर हवं, हे ओळखलं पंडिता रमाबाईंनी. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. ते पुढच्या वर्षी पुण्याला गेलं. विधवेला शिकवायचं तर तिच्या राहण्याची सोय आधी, हे त्यांनी जाणलं. तिथे शिकलेल्या गोदूबाई म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. तेव्हा खोलीचा प्रश्न आजचा नाही. शिक्षण, कमाई आणि निवारा या तिन्ही गोष्टी पहिल्यापासून एकमेकींना बांधलेल्या आहेत.

आज काय होतं? दलाल पहिल्यांदा विचारतो, "फॅमिली आहे का?" एकटी म्हटलं की घरमालकाचा चेहरा बदलतो. मग आडनाव. आडनावावरून जात ओळखली जाते, नावावरून धर्म. "आम्ही शाकाहारी आहोत हं," एवढं बोललं की पुढचं न बोलता समजतं. दलित आणि मुसलमान मैत्रिणींना हे दार सगळ्यांत आधी बंद होतं. नवऱ्याने टाकलेली असेल तर "भांडायला येईल तो," म्हणून नकार. हे सगळं पार पडून जागा मिळाली, तरी रात्री नऊला फाटक बंद. दुपारपाळीची नर्स दहाला सुटते, तिने काय करायचं? भाडं भरणाऱ्या पुरुषाला कुणी वेळ विचारत नाही. बाईकडून भाडंही घेतात आणि तिच्यावर राखणही ठेवतात.

आता पैशाचा हिशेब मांडू. समजा पगार अठरा हजार आणि कॉट बेसिसवर एका खाटेचे सात हजार. तीन महिन्यांची अनामत एकवीस हजार, दलालाचे एका महिन्याचे सात, पहिलं भाडं सात. म्हणजे पहिला पगार हातात यायच्या आधी पस्तीस हजार लागतात. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी खोली सोडताना रंगकामाच्या नावाखाली दोन महिन्यांचं भाडं कापून घेतलं गेलं. भिंतीवर एक खिळासुद्धा मी ठोकलेला नव्हता. लेखी काही मागितलं तेव्हा मालक म्हणाले होते, "मुलीसारखी आहेस, कागद कशाला?" हे गोड वाक्य तुम्हीही ऐकाल. मुलीसारखी असली तरी कागद हवाच.

कारण कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातल्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदलेला हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती केली नाही तर शिक्षा आहे. शिवाय वाद झाला तर, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. भाड्याची पावती मागणं हा हक्क आहे. भाडेकरूला हुसकण्यासाठी पाणी किंवा वीज तोडता येत नाही. अकरा महिन्यांचा 'लिव्ह अँड लायसन्स' करार संपला तरी मालकाने सामान रस्त्यावर फेकायचं नसतं, त्याला सक्षम अधिकाऱ्याकडे जावं लागतं. पण हेही लक्षात ठेवा की मुदत संपूनही राहिलात तर दुप्पट रक्कम द्यावी लागू शकते. म्हणून तारीख आपल्या वहीत लिहून ठेवा.

घरात मार खाणाऱ्या बाईसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहेच. शिवाय कलम १९ खाली, तशाच दर्जाची दुसरी जागा द्या किंवा तिचं भाडं भरा, असा आदेश न्यायालय देऊ शकतं. आपण पोटगी मागतो, भाडं मागायचं विसरतो. अर्जात ते लिहायला सांगा.

नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३ पासून आहे. २०२२ पासून तिचं नाव 'सखी निवास'. तिथलं भाडं पगाराच्या प्रमाणात ठरतं: एकटीच्या खोलीला जास्तीत जास्त १५ टक्के, दोघींच्या खोलीला १० टक्के, मोठ्या दालनात साडेसात टक्के. अठरा हजारवालीला एकटीची खोली सत्तावीसशेला पडेल. सात हजारांची खाट आणि ही खोली, यांतला फरक पाहा. अशी वसतिगृहं गरजेच्या मानाने फार थोडी आहेत. ती वाढवा, ही मागणी फक्त शहरातल्या बायांची नाही. ती धरणगावचीही आहे, कारण जाणारी मुलगी इथली आहे.

मग आपण काय करायचं? तीन गोष्टी सुचवते.

एक, आपल्या बचत गटातून लग्नाला, आजारपणाला, बियाण्याला कर्ज देतो. मुलीच्या अनामतीसाठीही द्यायला लागू. अनामत परत मिळायची असते. करार लेखी असेल तर गटासाठी हे सुरक्षित कर्ज आहे.

दोन, आपल्या भागातून शहरात गेलेल्या बायांची यादी करू. जी पहिली गेली तिने दुसरीला पहिले आठ दिवस घरात घ्यायचं. स्टेशनवर उतरल्याबरोबर घाईत जागा धरावी लागली नाही, तर निम्मी फसवणूक टळते.

तीन, पुरुषांनी गावकीची खोली केली तशी आपण बायांची खोली करू. चौघी-पाचजणींनी मिळून एक जागा घ्यायची, करार सगळ्यांच्या नावाने. एक सोडून गेली की तिच्या जागी गावाकडची दुसरी. फाटकाची वेळ त्यांची त्या ठरवतील.

तेव्हा माय विचारेल, "तठे आपलं कोन शे?" आणि मुलीजवळ एक पत्ता असेल. त्या यादीची वही आज मी आणली आहे. तुमच्या गल्लीतली कोण कुठे राहते, ते जाण्यापूर्वी सांगून जा.