जंगलातल्या जिप्सीला कोणतं ऑईल घालावं?

चंद्रपूरच्या ताडोबा जंगलाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशा प्रवेशद्वारांवर पहाटेपासून रांगेत उभ्या राहणाऱ्या जिप्सी गाड्यांच्या चालक-मालकांशी आज मला बोलायचं आहे. विषय इंजिन ऑईलचा. त्यातही त्याच्या ग्रेडचा, म्हणजे डब्यावर ‘२० डब्ल्यू ४०’ किंवा ‘५ डब्ल्यू ३०’ असं जे छापलेलं असतं त्याचा.

जिप्सी आपल्याकडे १९८५च्या अखेरीस आली. तेव्हा इंजिन ९७० सीसीचं होतं. १९९६मध्ये १३०० सीसीचं आलं आणि २०००मध्ये त्याच आकाराचं सोळा व्हॉल्व्हचं. २०१८-१९मध्ये सामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. नवी जिप्सी आता शोरूममध्ये मिळत नाही. हाताशी जे इंजिन आहे तेच सांभाळायचं आहे, आणि त्यावर घर चालतं. भर हंगामात इंजिन खोलावं लागलं तर खर्च तर होतोच, शिवाय फेऱ्याही जातात.

दुकानात मात्र अजूनही एकच मागणी ऐकू येते : “जाड ऑईल द्या, उन्हाळा आहे.” किंवा “गाडी जुनी झाली, जरा घट्ट टाका.” या समजुतीत थोडं तथ्य आहे, पण थोडंच. म्हणून आधी ऑईल नेमकं काय करतं ते पाहू.

क्रँकशाफ्ट फिरत असतो तेव्हा तो बेअरिंगला टेकत नाही. फिरता फिरता तो ऑईल आपल्याखाली ओढून घेतो आणि त्या पातळ थरावर तरंगतो. या थराची जाडी काही मायक्रॉन असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८६मध्ये या थराचं गणित मांडलं. थर टिकण्याला तीन गोष्टी लागतात : ऑईलचा दाटपणा, शाफ्टचा वेग आणि त्यावर येणारा भार. दाटपणा आणि वेग वाढला की थर जाड होतो, भार वाढला की पातळ होतो. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचं सगळं यांच्यावरच उभं आहे.

आता डब्यावरचे आकडे. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंड इंजिनाचा, नंतरचा तापलेल्या इंजिनाचा. थंडीत खोबरेल तेल थिजतं तसं इंजिन ऑईलही गारठ्यात घट्ट होतं आणि पंपाला ओढेनासं होतं. २० डब्ल्यूचं ऑईल उणे २० अंशांपर्यंत पंपाला खेचता यावं, अशी त्याची कसोटी आहे. १५ डब्ल्यूची उणे २५, ५ डब्ल्यूची उणे ३५. दुसऱ्या आकड्याची मोजणी १०० अंश सेल्सिअसला होते. तिथे ४० ग्रेडचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असावा लागतो, ३० ग्रेडचा ९.३ ते १२.५.

हे आकडे चंद्रपूरला लावून पाहा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा आठ-दहा अंशांवर येतो. उघड्या गाडीत हात गारठतात हे खरं, पण २० डब्ल्यूच्या ऑईलला ही थंडी काहीच नाही. लडाखमध्ये सैन्याच्या जिप्सी धावल्या, तिथे द्रासला उणे २० आणि त्याहून खाली पारा जातो. तिथे पहिला आकडा लहान असणं ही गरजच आहे. जुन्या जिप्सीसाठी केवळ ‘भारी असतं’ म्हणून चंद्रपुरात ० डब्ल्यूचा डबा घेणं म्हणजे कधी न येणाऱ्या थंडीचे पैसे भरणं.

मग उन्हाळ्याचं काय? मे महिन्यात बाहेर ४६-४७ अंश असतात हे खरं. पण थर्मोस्टॅट आणि रेडिएटर धड असतील तर इंजिनाचं पाणी नव्वदीच्या आसपासच राहतं. ऑईलचं तापमान ठरतं ते मुख्यतः कामावर. ऑईलच्या चेंबरला वारा लागत नाही, गाडी धुळीच्या रस्त्यावर ताशी वीसच्या आत चाललेली, मागे सहा पर्यटक. अशा वेळी पाण्याचा काटा शांत असला तरी ऑईल त्याहून वीस-तीस अंशांनी जास्त तापलेलं असू शकतं. आपल्या डॅशबोर्डवर त्याचा काटाच नाही. म्हणून ‘उन्हाळा आहे म्हणून दाट’ असं म्हणण्यापेक्षा ‘काम जड आहे म्हणून दाट’ असं म्हणणं जास्त बरोबर.

इथे चालवण्याची सवयही येते. चढावर गिअर न बदलता इंजिन कण्हत कण्हत ओढायचं, ही सवय मला फार खटकते. मघाचं गणित आठवा : वेग कमी, भार जास्त, म्हणजे ऑईलचा थर सगळ्यात पातळ. बेअरिंगं यातच जातात. ट्रान्सफर केसमध्ये लो रेंज दिलेली आहे ती वापरा. खालचा गिअर टाकला की इंजिनाचा वेग वाढतो, भार उतरतो आणि त्याच ऑईलचा थर जाड होतो. कोणताही महागडा डबा हे काम करून देणार नाही.

मग आणखी दाट, ५० ग्रेड का नको? ऑईल गरजेपेक्षा दाट असेल तर दाबाचा काटा छान वर दिसतो आणि माणूस खूश होतो. पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. दाब जास्त झाला की पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑईल वर न जाता चेंबरमध्ये परत येतं. थंड इंजिनात फिल्टरचा बायपास उघडून न गाळलेलं ऑईलही पुढे जातं. वरच्या कॅमशाफ्टला ऑईल पोहोचायला उशीर होतो तो वेगळाच. शिवाय दाट ऑईल घुसळण्यात इंजिनाची शक्ती खर्ची पडते आणि तीही उष्णता होऊनच बाहेर येते.

जुन्या गाडीच्या धुराबद्दलही सांगतो. सकाळी स्टार्टरला निळा धूर येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं कडक झालेली असतात. ती बदलायचं काम इंजिन न उतरवता होतं. जोर दिल्यावर निळा धूर येत राहत असेल, तर पिस्टनच्या रिंगांकडे पाहावं लागेल. दोन्हीवर दाट ऑईल हा उपाय नाही. त्याने धूर थोडे दिवस कमी दिसतो आणि दुखणं आतल्या आत वाढतं.

माझं मत स्पष्ट आहे. जिप्सीच्या पुस्तिकेत तापमानाची पट्टी आणि तिच्यासमोर चालणाऱ्या ग्रेड दिलेल्या असतात. त्या पट्टीत बसत असेल तर ताडोब्याच्या कामाला १५ डब्ल्यू ४० किंवा २० डब्ल्यू ४० घ्या. दोन आकड्यांतलं अंतर जेवढं मोठं, तेवढे साध्या मिनरल ऑईलमध्ये दाटपणा टिकवणारे पॉलिमर जास्त घालावे लागतात, आणि इंजिनात रगडून ते हळूहळू तुटतात. आपल्याला कडाक्याच्या थंडीची भीती नाही, तेव्हा कमी अंतराचं ऑईल आपल्याकडे जास्त टिकाऊ. पेट्रोल इंजिनासाठी डब्यावर एपीआयची ‘एस’ने सुरू होणारी अक्षरं आहेत ना, तेही बघा. नव्या बनावटीची गाडी असेल आणि पुस्तिका ० डब्ल्यू २० सांगत असेल, तर मात्र तेच घाला. त्या इंजिनातली बेअरिंगं, ऑईलचे मार्ग आणि ऑईलच्या दाबावर चालणारं व्हॉल्व्ह टायमिंग त्या पातळ ऑईलसाठीच बेतलेलं असतं.

   

आता बदलण्याच्या वेळेबद्दल. वाघ रस्त्यालगत बसला असेल, पर्यटक फोटो काढत असतील आणि इंजिन चालूच असेल, तर किलोमीटरचा आकडा हलत नाही, पण ऑईल वापरलं जातंच. म्हणून केवळ किलोमीटरवर जाऊ नका. जंगलातल्या गाडीचं ऑईल रस्त्यावरच्या गाडीपेक्षा लवकर बदला. एअर फिल्टर दर आठवड्याला उघडून पाहा. आपल्या धुळीत सिलिका असते. ती आत गेली तर ऑईल कितीही चांगलं असो, रिंगा घासतातच. डिपस्टिक पाहताना गाडी सपाट जागेवर असू द्या. नाल्यातून गाडी काढल्यानंतर काडीवर ऑईल दुधाळ दिसलं, तर पाणी शिरलं आहे असं समजा आणि इंजिन चालवू नका.

जुलै ते सप्टेंबर कोअर क्षेत्र बंद असतं. ज्यांच्या गाड्या त्या काळात नुसत्या उभ्या राहतात, त्यांच्या चेंबरमध्ये दमट हवेने पाणी धरतं, आणि जळक्या ऑईलमधल्या आम्लांबरोबर ते बेअरिंगवर बसतं. तेव्हा जूनअखेरीस शेवटची फेरी झाली की त्याच आठवड्यात गरम इंजिनातून जुनं ऑईल काढा, फिल्टरही बदला आणि नवं भरून गाडी ठेवा. पुस्तिका हरवली असेल तर अधिकृत सेवाकेंद्रातून तुमच्या मॉडेलची ग्रेड लिहून आणा आणि तो कागद बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे गाडी कुठल्याही मिस्त्रीकडे गेली तरी अंदाजाने ऑईल पडणार नाही.