मुंबईचा पगार आणि पुण्याचे बिऱ्हाड

मुंबई महाग आणि पुणे स्वस्त, हा समज आपल्या घरांतून फार दिवस चालत आलेला आहे. सरकारी दप्तरास तो मान्य नाही. केंद्र सरकारने नोकरांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केले आहेत; २०११ च्या जनगणनेनंतर त्यांतील पहिल्या वर्गात मुंबईच्या पंक्तीस पुणेही बसले. दादरला आणि कोथरुडात, दोन्हीकडे जागा शोधलेला गृहस्थ यावर हसल्यावाचून राहणार नाही.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास मुंबईत दरमहा आठ हजार रुपये अधिक मिळत आहेत. घरी विधवा आई. बिऱ्हाड पुण्यास, भाड्याचे. ‘गुरुजी, जाऊ का?’ असे तो विचारतो. मी म्हटले, बाबा रे, डाळतांदळाचा हिशेब मांडू नकोस. त्यात फारसे अंतर नाही. प्रश्न जागेचा आहे.

आणि जागेच्या बाबतीत मुंबई एक नसून दोन आहेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधली. त्या जुन्या भाडेकरूंच्या वारसांस गिरगावातील खोली आजही नाममात्र भाड्यात पडते. नवागतास मात्र अकरा महिन्यांचा करार, अनामत आणि दलाली! तेव्हा ‘आमचे मुंबईत स्वस्तात भागते’ असे सांगणाऱ्या आप्तास आधी विचारावे, की खोली आजोबांची काय?

प्रवासात मात्र मुंबई उदार आहे. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट पाच रुपयांपासून मिळते, म्हणून माणूस बदलापुरास राहून फोर्टात चाकरी करू शकतो. भाड्यात वाचलेले तो तासांनी फेडतो. पुण्यात २०२२ पासून मेट्रो धावते खरी, पण घरटी दुचाकी, तिचे हप्ते आणि पेट्रोल अद्याप सुटलेले नाही.

राहता राहिली १९३० पासून धावणारी आपली डेक्कन क्वीन. पास खोलीच्या भाड्याहून पुष्कळच स्वस्त. परंतु जाताना तीन तासांहून अधिक, येताना तितकेच, आणि आई रात्री नऊपर्यंत ताट झाकून बसणार. हे रोज, वर्षानुवर्षे?

मुलगा तिकडे आणि आई इकडे, असे केल्यास दोन चुली पेटतील व आठ हजारांतले काही उरणार नाही. दोघांनी मिळून कल्याणच्या आसपास बिऱ्हाड केले, तर पुण्याचे भाडे सुटते आणि थोडे गाठीस राहते. आईचे वैद्य, शेजार, तुळशीबाग मात्र सुटेल. त्याचा आकडा मला मांडता आला नाही, तो तिनेच मांडावा.

येत्या रविवारी मायलेक डोंबिवलीस जागा पाहावयास जाणार आहेत. स्वयंपाकघरात उजेड हवा, एवढी एकच अट तिने घातली आहे.