विम्याचा हिशोब मांडणारं पोर


सोयाबीनचा विमा उतरवताना आपण धाराशिवकर खरिपात २ टक्के हप्ता भरतो, बाकीचा सरकार भरतं. पण पूर्ण हप्ता किती, हे जोखीम मोजून काढतो तो विमागणिती, म्हणजे ॲक्च्युअरी. तो आपल्या घरातला का नसावा?

बारावीनंतर त्याची प्रवेश परीक्षा देता येते. १९५६ साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळात या कामासाठी सहाय्यक प्रशासकीय अधिकारी वेळोवेळी घेतात. पदवीबरोबर काही पेपर आधीच सुटलेले लागतात, बरं का!

खरी अडचण नंतरच. पगार सुरू झाला की आपण लगेच लग्न काढतो, अन् उरलेले पेपर तसेच राहतात. नोकरी म्हणजे अर्धीच वाट. पोरगी रात्री गणितं घेऊन बसली, तर आम्ही म्हणतो, टीव्ही बंद ठेवा अन् सोयरीक दोन वर्षं थांबवा.