कॉलेजचा उंबरठा आणि कारखान्याचे फाटक



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय कळवा म्हटले, तेव्हा आम्ही ‘अभियांत्रिकी शिक्षण, उद्योगातील नवे शोध आणि नव्या तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण’ असे लांबलचक नाव लिहून पाठवले. त्यांनी भिडस्तपणे विचारले, की एवढ्या उन्हाळ्यात या नावाला श्रोते येतील काय? म्हणून नाव बदलले. विषय मात्र तोच आहे, आणि तो आमच्याकडे चालत आला तो एका गृहस्थांच्या पायांनी.

हे गृहस्थ एस.टी.तून निवृत्त झालेले. मुलगा यंत्र-अभियांत्रिकीत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. चार वर्षांची फी, खोलीभाडे, खाणावळ, सगळे त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून भागवले. पदवी हाती आली, आणि मुलाखतीला गेलेल्या मुलाला सांगण्यात आले, की रोबोट, सेन्सर, कृत्रिम बुद्धिमत्ता यांपैकी काही येत असेल तर या. तेव्हा मुलगा आता सहा महिन्यांच्या खासगी वर्गाची फी मागतो आहे. गृहस्थ आम्हांला म्हणाले, “सर, रागावू नका, पण मग चार वर्षे तुम्ही शिकवलेत काय?” तीस वर्षे याच धंद्यात काढल्यामुळे आम्हांला रागावण्याचा अधिकार नव्हता. उत्तरही लगेच सुचले नाही. आज जे सुचते ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याकडे हे शिक्षण सुरू झाले तेव्हा हा प्रश्न कुणी विचारला नसता. १८५४ साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तो सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती म्हणून. शिकणारा कुठे जाणार हे शिकवणाऱ्याला ठाऊक होते. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आज आपण तिला वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखतो. तिच्या आजूबाजूला गिरण्यांची धुराडी होती आणि त्या गिरण्यांसाठीच ती होती. गिरणीत मागाचा धोटा का अडकतो हे सांगायला मास्तरांना ग्रंथालयात जावे लागत नव्हते.

याच संस्थेत लक्ष्मणराव किर्लोस्कर शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलून ती जागा दुसऱ्याला दिली, तेव्हा ते नोकरी सोडून बेळगावला गेले आणि सायकलींच्या दुकानात बसले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी. ही कथा आपल्याकडे उद्यमशीलतेची म्हणून सांगतात, ते योग्यच आहे. पण आम्हांला तिच्यात वेगळेच दिसते. फळ्यावर यंत्राची आकृती काढणारा माणूस स्वतः उठून बाजारात गेला. लोखंडाने जमीन नासते असे म्हणणारे शेतकरी त्याला भेटले, आणि त्यांच्या जमिनीत चालेल असा नांगर त्याला करावा लागला. असा शिक्षक त्या संस्थेत राहिला असता, आणि हे सगळे करून पुन्हा वर्गात येता आले असते, तर त्याच्या विद्यार्थ्यांना काय मिळाले असते? असो. इतिहासाला ‘जर-तर’ विचारू नये म्हणतात. शिक्षकांना ती खोड असते.

आता जरा दूर, मॉस्कोला जाऊ. आपल्या कॉलेजांतल्या पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपाचे मूळ तिकडे फार स्पष्ट दिसते. व्हिक्टर डेला-व्होस नावाच्या गृहस्थांनी तिथल्या शाही तांत्रिक विद्यालयात १८६८ सालच्या सुमारास एक पद्धत बसवली. सुतारकाम, लोहारकाम, कानसकाम यांचे लहान लहान पाठ पाडायचे आणि सोप्याकडून अवघडाकडे जायचे. व्याकरणासारखेच. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले. ते पाहून मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयाचे अध्यक्ष रंकल इतके खूश झाले, की त्यांनी परत जाऊन तशीच कार्यशाळा काढली. पण मॉस्कोच्या विद्यालयात आणखी एक दालन होते. पाठ पुरे झालेला विद्यार्थी तिथे जाई. तिथे पगारी कारागीर असत, बाहेरच्या गिऱ्हाइकांची खरी कामे येत, पंप आणि इंजिने तयार होऊन विकली जात. रंकलसाहेबांनी पहिले दालन उचलले, दुसरे मॉस्कोलाच राहिले.

आमच्या मते सगळी मेख इथे आहे. आपल्या मुलाने पहिल्या वर्षी लोखंडाचे दोन चौकोनी तुकडे कानसून एकमेकांत बसवलेला ‘जॉब’ घरी आणून दाखवला असेल. तो कुठल्याही यंत्रात बसत नाही. बिघडला तर कुणाचे नुकसान होत नाही, जमला तर कुणाची अडचण सुटत नाही. व्याकरण शिकला, बोलण्याचा प्रसंग आला नाही.

हे आम्ही दुसऱ्याला नावे ठेवण्यासाठी म्हणत नाही. आमचीच फजिती सांगतो. दहा वर्षे ‘लिमिट्स आणि फिट्स’ शिकवून झाल्यावर एका सुट्टीत आम्ही एका कारखान्यात राहिलो. शंभर मिलिमीटर व्यासाचे भोक, मापात सवलत फक्त पस्तीस मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांपैकी पस्तीस. आम्ही लेथवरून काढल्या काढल्या मोजले, माप बरोबर आले, ऐटीत बाजूला ठेवले. दुपारी तपासनिसाने नग परत पाठवला. भोक लहान! फोरमन हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. एवढेच म्हणाले, “मास्तर, गार होऊ द्यायचा होता.” वीस अंश गरम पोलाद दर शंभर मिलिमीटरला सुमारे तेवीस मायक्रॉन फुगलेले असते. मुलांनी वहीत उतरवलेले प्रसरणाचे सूत्र आम्हीच फळ्यावर लिहून दिले होते. पस्तीसांतले तेवीस तिथेच गेले. सूत्र भौतिकीच्या तासाला, सवलत यंत्ररेखनाच्या तासाला, आणि दोघांची गाठ घालून द्यायला कुणी नाही.

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली, आणि तालुक्याच्या गावचा मुलगा इंजिनिअर होऊ लागला. त्याला आम्ही कधी नाव ठेवले नाही, ठेवणारही नाही. पण ही कॉलेजे जिथे जागा मिळाली तिथे उभी राहिली. गिरणी कुठे आणि कॉलेज कुठे! यंत्रे तपासणी समितीसाठी घेतली जाऊ लागली. आज लेथची जागा रोबोटच्या हाताने घेतली आहे. एका ठिकाणी असा हात आम्ही पाहिला. काचेची खोली, उद्घाटनाची फीत, आणि यंत्रावर प्लॅस्टिकचे आवरण. मुले बटण दाबतात, हात एका खोक्यातला लाकडी ठोकळा उचलून दुसऱ्या खोक्यात ठेवतो. प्रमाणपत्र मिळते. कारखान्यात अडते ते हात हलवण्यात नव्हेच. ओतीव नग तेलकट असतो, त्याला कडेला बर आलेली असते, तो पेटीत वाकडातिकडा पडलेला असतो, आणि पकड निसटते. ती पकड कशी घडवावी हा खरा अभ्यास आहे, आणि त्यासाठी तेलकट नग कॉलेजात यायला हवा, नाहीतर मुलगा तिकडे जायला हवा.

नव्या तंत्रज्ञानाचे वर्ग निरुपयोगी असतात असे कुणी समजू नये. पुण्याचेच उदाहरण घ्या. अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळेना, म्हणून १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली, आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. अनेक प्रक्रियकांवर एकाच वेळी काम वाटून देणारी आज्ञावली लिहिणे तेव्हाच्या कॉलेजांत शिकवले जात नव्हते. संस्थेने दोन वर्षांनी स्वतःचा प्रशिक्षण विभाग काढला आणि प्रगत संगणनाची पदविका सुरू केली. त्या पदविकेवर कित्येक घरांतल्या मुलांच्या नोकऱ्या उभ्या राहिल्या, आज या मंडपातही कुणी असतील. ज्यांनी यंत्र केले त्यांच्याच घरात शिकायला मिळणे हे तिचे बळ. पण तिची नक्कल करणारे गल्लोगल्ली निघाले. त्यांच्याकडे ना यंत्र ना ते करणारा, नुसता फलक. आमच्या एस.टी.तल्या गृहस्थांना आम्ही एवढेच सांगितले, की फी भरण्यापूर्वी तिथे शिकवणाऱ्याने शेवटचे काम कुठल्या कारखान्यात केले हे विचारा. उत्तर अडखळले तर पैसे खिशात ठेवा.

आता एक प्रयोग सांगतो, त्यात आमचा थोडा हात होता. कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत नग फार बाद होत. साच्याच्या वाळूत पाणी जास्त झाले की तापलेल्या रसाने त्याची वाफ होते आणि नगात पोकळ्या राहतात. कमी झाले तर साचा ढासळतो. शंभर भाग वाळूला पाणी तीन-चार भाग, एवढ्यात सगळा खेळ. आमच्या चार विद्यार्थ्यांनी वाळूत सेन्सर बसवला, महिनाभर आकडे जमवले, आणि कोणता घाण बाद जाईल हे संगणकाने आधीच सांगावे अशी योजना केली. अलीकडचे शब्द वापरायचे तर कृत्रिम बुद्धिमत्ताच ती. आठवड्यातले बाकीचे दिवस ती ठीक चाले. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास चुके.

मुले आकड्यांत डोके घालून बसली. आम्हीही बसलो. शेवटी साचे करणाऱ्या मामांनी, म्हणजे सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो, मूठभर वाळू उचलून दाबली, मोडली आणि म्हणाले, “रोज वाळू गरम येत्या, सुट्टीनंतर गार असत्या. गारला पाणी कमी लागतंय की.” रोज साच्यातून परत येणारी वाळू ऊन असते, तिच्यातले पाणी उडून जाते, म्हणून मिसळणारा सवयीने जास्त पाणी घालतो. गार वाळूत तेच पाणी जास्त होते. मुलांनी तापमान मोजलेच नव्हते! दुसऱ्या दिवशी उष्णतामापक बसला आणि संगणकाचे भाकीत सुधारले. मामांना संगणक कळला नाही असेही नाही. पडद्यावरची रेघ पाहून, बेंटोनाइट माती बदलली की ही रेघ खोटी बोलते, हे त्यांनीच आठवड्याने दाखवून दिले.

यात शिकले कोण? मुले शिकलीच. पण सर्वांत जास्त आम्ही शिकलो, कारण पुढच्या वर्षीच्या साठ मुलांना ती गोष्ट आम्ही सांगितली. विद्यार्थी एकदा फाटकाबाहेर पडला की परत येत नाही. तंत्रज्ञान दर पाच वर्षांनी बदलते आणि मुलाला आज शिकवलेले यंत्र उद्या मोडीत जाते. शिक्षक मात्र तिथेच तीस वर्षे असतो. म्हणून सेतू बांधायचा तर त्यावरून पहिल्यांदा जायला हवे शिक्षकाने, आणि वारंवार. आम्ही मात्र सेतूवर मुलांना ढकलतो आणि स्वतः काठावर हजेरी घेत उभे राहतो.

दुर्दैवाने तो प्रयोग दुसऱ्या वर्षी बंद पडला. अभ्यासक्रमात त्याला गुण नव्हते, आणि शिक्षकांच्या बढतीच्या तक्त्यात छापील निबंधाला रकाना होता, फौंड्रीत घालवलेल्या दिवसांना नव्हता. दोष एकट्या कॉलेजचा नाही. किती कारखानदार मुलांना आत घेतात? १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधरही त्यात आले. कायदा आहे. पण उमेदवाराला स्वस्तातला हमाल समजणारे फोरमन आम्हांला ठाऊक आहेत, आणि ‘मुले पत्रावर सही-शिक्का मागायला येतात, कामाला नाही’ ही कारखानदारांची तक्रारही खोटी नाही.

अमेरिकेत सिनसिनाटीला हर्मन श्नायडर यांनी १९०६ साली सत्तावीस विद्यार्थी घेऊन एक आठवडा कॉलेज, एक आठवडा कारखाना असा क्रम सुरू केला. लोकांनी वेड्यात काढले, पण तो टिकला. जर्मनीत उमेदवार आठवड्याचे बहुतेक दिवस कारखान्यात आणि उरलेले शाळेत असतो. शेवटची परीक्षा एकटी शाळाही घेत नाही आणि एकटा मालकही नाही. मंडळात मालकांचे, कामगारांचे आणि शिक्षकांचे असे तिघांचे प्रतिनिधी बसतात. आमच्या मुलांच्या तोंडी परीक्षेला मामांसारखा माणूस परीक्षक म्हणून खुर्चीवर बसलेला पाहण्याची आमची फार इच्छा आहे. विद्यापीठ विचारील, त्यांची पदवी कोणती?

ही गोष्ट केवळ मोठ्या कारखान्यांची आणि सरकारची आहे असे समजून घरी जाऊ नका. या मंडपात ज्यांचे चार लेथांचे शेड आहे, पीठ दळण्याच्या यंत्रांचा, पंपांचा, शेती-अवजारांचा धंदा आहे, असे पुष्कळ लोक आहेत. तुमच्याकडे रोज काहीतरी अडत असते. ती अडचण एका कागदावर लिहून जवळच्या कॉलेजात नेऊन द्या. तुम्हांला पुष्पगुच्छ देऊन परत पाठवतील तर आम्हांला कळवा.

मघाच्या फौंड्रीतले मामा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. बंद पडलेला प्रयोग पुन्हा सुरू करावा असे मालकांनी आपण होऊन सुचवले आहे, आणि येत्या मे महिन्यात आमचे दोन तरुण सहकारी महिनाभर तिथे राहायला तयार झाले आहेत. मामांच्या मुठीतले जेवढे वहीत उतरेल तेवढे उतरवायचे. राहण्याची खोली मिळाली आहे. त्यांच्या जेवणाचा खर्च कॉलेजने करायचा की मालकांनी, एवढ्यावर पत्रव्यवहार चालू आहे.