तेरणाकाठचे तगर



धाराशिव जिल्ह्याचे नाव निघाले की तुळजापूरची भवानी आणि नळदुर्ग व परंड्याचे किल्ले यांचे स्मरण प्रथम होते. ते स्वाभाविकच आहे. परंतु या साऱ्यांहून कितीतरी जुने असे एक स्थळ याच जिल्ह्यात, धाराशिव शहरापासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर, तेरणा नदीच्या काठी वसलेले आहे. त्याचे नाव तेर. बाहेरून येणाऱ्यास ते मराठवाड्यातील इतर मोठ्या गावांसारखेच एक गाव वाटते. वारकऱ्यांना ते गोरोबाकाकांचे गाव म्हणून पूज्य आहे. मात्र दोन हजार वर्षांपूर्वी याच गावाची कीर्ती समुद्रापलीकडे रोमन साम्राज्यातील व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचली होती आणि त्या वेळी त्याला 'तगर' म्हणत, ही गोष्ट अद्यापही आपल्या शाळांतून आणि ग्रामसभांतून फारशी बोलली जात नाही.

तगरचा इतिहास कोणा एका राजाने लिहवून ठेवलेला नाही. तो मातीत आहे. विटांत, खापरांत, मण्यांत आणि मातीच्या बाहुल्यांत आहे. जो इतिहास मातीत असतो, त्याचे रक्षण करणे किंवा त्याचा नाश करणे हे प्रथम गावाच्याच हाती असते. म्हणूनच ही कहाणी शिक्षक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि तालुक्याचे अधिकारी यांनी विशेष लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे.

परदेशी व्यापाऱ्याची साक्ष

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' नावाचे पुस्तक लिहिले. लेखकाचे नाव आज ज्ञात नाही. तांबडा समुद्र आणि हिंदी महासागर यांच्या किनाऱ्यावरील बंदरे, तेथे मिळणारा माल आणि तेथे खपणारा माल यांची ती एक व्यवहारी टिपण होती. त्यात भडोच बंदराचे वर्णन करताना लेखक सांगतो की, भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. पैठणहून मौल्यवान दगड येत. तगरहून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल येई. शिवाय समुद्रकिनाऱ्याच्या प्रदेशातून तगरला आलेला इतर मालही तेथून पुढे जाई. हा सर्व माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला नेला जात असे. दुसऱ्या शतकातील भूगोलकार टॉलेमी यानेही तगरचा उल्लेख केला आहे.

या मोजक्या ओळींतून पुष्कळ काही उलगडते. तगर हे केवळ बाजाराचे गाव नव्हते. त्याच्या पाठीशी काळ्या जमिनीत पिकणारा कापूस होता, कापूस पिकविणारा शेतकरी होता, सूत काढणारे व कापड विणणारे हात होते. पूर्व किनाऱ्याकडून येणारी वाट आणि पश्चिमेच्या बंदराकडे जाणारी वाट यांचा मेळ येथे पडत होता. सातवाहनांच्या राजवटीत दख्खनला जी सुबत्ता लाभली, तिच्यात या तेरणाकाठच्या कारागिरांचा वाटा होता.

तगर कोठे होते?

पुढे काळाच्या ओघात तगर हे नाव व्यवहारातून लोपले. शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी म्हणवीत. पण त्यांची राज्ये कोकणात आणि कोल्हापूरकडे होती. त्यामुळे मूळ तगर कोठे होते, याविषयी एकोणिसाव्या शतकातील विद्वानांत मोठा वाद झाला. कोणी देवगिरी म्हणाले, कोणी जुन्नर, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धारूरचा विचार मांडला. अखेरीस १९०१ साली शिलालेखांचे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांनी तेर हेच तगर होय, असे साधार प्रतिपादन केले. तगर या शब्दातील 'ग' प्राकृतात गळून 'तयर' आणि पुढे 'तेर' असे रूप होणे हे भाषेच्या नियमांस धरूनच होते.

या मताची पडताळणी शाळेतील विद्यार्थीही नकाशा आणि मोजपट्टी घेऊन करू शकेल. भडोच ते पैठण हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३५० किलोमीटर भरते आणि पेरिप्लस त्यास वीस दिवस देते. पैठण ते तेर हे अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे आणि त्यास दहा दिवस दिले आहेत. म्हणजे दोन्ही टप्प्यांत दिवसाकाठी पंधरा ते अठरा किलोमीटर एवढीच वाटचाल होते. लादलेल्या बैलगाडीची चाल ज्याने पाहिली आहे, त्याला हा हिशेब पटण्यास अडचण पडू नये. दिशेबाबत मात्र थोडा फरक राहतो. तेर हे पैठणच्या नेमके पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. परंतु वाटसरूंच्या तोंडून ऐकून लिहिणाऱ्या परदेशी माणसाच्या वृत्तांतात एवढा फरक क्षम्य मानला गेला.

फ्लीट यांच्या लेखनापाठोपाठ पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी तेरला भेट देऊन तेथील अवशेषांची पाहणी केली. त्यांचा सचित्र वृत्तांत खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात प्रसिद्ध झाला आणि तेर विद्वानांच्या नकाशावर आले.

विटांची देवालये

तेरमधील त्रिविक्रम मंदिर हे महाराष्ट्रातील अत्यंत प्राचीन अशा उभ्या बांधकामांपैकी एक आहे. अजिंठा किंवा कार्ले येथील चैत्यगृहे डोंगरात कोरलेली आहेत. हे मात्र विटांनी बांधलेले आहे. त्याची मागील बाजू अर्धवर्तुळाकार असून छप्पर हत्तीच्या पाठीसारखे गोलाकार आहे. हा आकार बौद्ध चैत्यगृहाचा. त्यामुळे मूळचे हे चैत्यगृह असावे आणि पुढे ते विष्णूचे मंदिर झाले असावे, असे अभ्यासक मानतात. आंध्र प्रदेशातील चेजर्ला येथील कपोतेश्वर मंदिर याच धाटणीचे आहे. अशी उदाहरणे देशात फार थोडी उरली आहेत. आत आज त्रिविक्रमाची, म्हणजे तीन पावलांत विश्व व्यापणाऱ्या वामनाची मूर्ती आहे. धर्म बदलले, उपासना बदलल्या, पण वास्तू पाडली गेली नाही. ती नव्या भाविकांनी आपलीशी केली आणि त्यामुळेच ती टिकली.

उत्तरेश्वर आणि कालेश्वर ही मंदिरेही विटांचीच. येथील जुन्या विटांची एक नवलाई अशी की, त्यांतील काही पाण्यावर तरंगतात. माती मळताना तिच्यात भाताचा तूस मिसळला जाई. भट्टीत तो जळून जाई आणि वीट आतून सच्छिद्र व हलकी होई. उंच शिखराचा भार कमी करण्याची ही युक्ती ज्या कारागिरांना सुचली, त्यांची नावे कोणत्याही ताम्रपटावर नाहीत. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट आता तेरच्या संग्रहालयात जपलेली आहे.

जैन परंपरेनेही या नगराची आठवण राखली आहे. मुनी कनकामर यांच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूर नगराचा आणि त्याजवळच्या लेण्यांचा उल्लेख येतो. ही लेणी म्हणजे धाराशिव शहराजवळची लेणी होत, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. बौद्ध, जैन, वैष्णव आणि शैव अशा चारही परंपरांच्या खुणा एका नदीच्या परिसरात एकत्र सापडाव्यात, हे या नगराच्या मोठेपणाचेच गमक आहे.

एका व्यापाऱ्याचा छंद

तेरच्या परिसरात पांढऱ्या मातीची टेकाडे आहेत. पहिला मोठा पाऊस झाला की त्यांवरील माती वाहून जाते आणि मणी, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्ती उघड्या पडतात. पिढ्यान्‌पिढ्या मुले त्या वेचीत आली आणि खेळून टाकून देत आली. तेरचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी मात्र त्या वस्तूंचे मोल ओळखले. ते काही पुरातत्त्वाचे पदवीधर नव्हते. तरीही त्यांनी चिकाटीने हजारो वस्तू जमविल्या आणि त्या जपून ठेवल्या. त्यांच्याच संग्रहातून तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्यास त्यांचेच नाव देण्यात आले.

या संग्रहात केओलिन या पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती आहेत. पुढचा व मागचा भाग दोन वेगळ्या साच्यांत काढून ते सांधण्याची रीत त्यांत दिसते. रोमन नाण्यांची नक्कल करून घडविलेल्या मातीच्या चकत्याही तेरला मिळाल्या आहेत. परदेशी नाणे येथील माणसाने केवळ खर्चले नाही, तर त्याचा छाप अलंकार म्हणूनही वापरला, असे त्यावरून दिसते. तेरची हस्तिदंती स्त्रीप्रतिमा तर जगप्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई हे नगर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथे १९३८ साली एक भारतीय हस्तिदंती प्रतिमा सापडली. तेरच्या प्रतिमेचे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे मिळालेल्या प्रतिमेचे तिच्याशी साम्य असल्याने, पाँपेईची प्रतिमा याच प्रदेशातून गेली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे.

१९५८ साली चापेकर यांनी तेरला शास्त्रीय उत्खनन केले आणि त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढील काळातही येथे उत्खनने झाली व त्यांत चाकाच्या आऱ्यांसारखी आतील रचना असलेला विटांचा स्तूप उजेडात आला.

गोरोबाकाकांची माती

नगराचे वैभव ओसरले, तरी तेरची माती घडविणारे हात थांबले नाहीत. नामदेव-ज्ञानदेवांच्या काळात याच गावी गोरा कुंभार झाले. संतमंडळीत वयाने वडील म्हणून ते सर्वांचे गोरोबाकाका. परंपरेनुसार शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ मध्ये त्यांनी देह ठेवला आणि तेरणाकाठी त्यांची समाधी आहे. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने एकेका संताचे मस्तक थोपटून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा महाराष्ट्रातील घराघरांत ठाऊक आहे. कुंभाराची रोजची परीक्षा तिथे अध्यात्माची परीक्षा झाली. ज्या गावात हजारो वर्षे माती मळली गेली, त्याच गावात हा दृष्टांत जन्मास यावा, यात एक प्रकारचे औचित्य आहे.

गावाची जबाबदारी

आता प्रश्न आजचा आहे. मराठवाड्यात धाब्याच्या घरांवर घालण्यासाठी आणि शेतात टाकण्यासाठी जुन्या पांढरीची माती खणून नेण्याची रीत पूर्वापार आहे. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. परंतु पांढर म्हणजे पुस्तक आहे. वरचा थर अलीकडचा, खालचा थर जुना, असा तिचा क्रम असतो. कोणते खापर कोणत्या नाण्याबरोबर, कोणत्या थरात सापडले, यावरूनच काळ ठरतो. टेकाडाची एक कड खणली की त्या पुस्तकाची पाने फाटतात. मग हाती आलेला मणी सुंदर असला, तरी तो मुका होतो. लामतुरे यांनी वेचलेल्या वस्तूंनी तेरचे मोठेपण जगापुढे आणले. पण त्यांतील बहुतेक वस्तू कोणत्या थरातील, हे आता कोणासही सांगता येणार नाही. वेचून ठेवण्याहून जागेवर राखणे अधिक मोलाचे, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे.

कायदा या कामी साहाय्यास आहे. महाराष्ट्रात प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांच्या रक्षणाचा १९६० चा स्वतंत्र अधिनियम आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. शासनाने ती घेतल्यास तिचे मूल्य अधिक एकपंचमांश रक्कम देण्याची तरतूदही त्यात आहे. सापडलेली वस्तू सरकारजमा होऊन आपल्या हाती काहीच लागणार नाही, या भीतीने पुष्कळ वस्तू गुपचूप विकल्या वा वितळविल्या जातात. ही तरतूद सरपंचांनी ग्रामसभेत वाचून दाखविली, तर ती भीती कमी होईल. १९७२ च्या अधिनियमाने पुरावस्तू परवान्याविना विकण्याचा व्यवसाय करण्यास आणि खाजगीरीत्या परदेशी पाठविण्यास बंदी आहे.

ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील पांढरीची नोंद करावी आणि तेथून माती उचलण्यास मज्जाव करावा. पायाचे खोदकाम किंवा नळाची चर खणताना जुन्या विटा लागल्यास काम थांबवून तहसीलदारांना कळवावे. शिक्षकांनी मुलांना वस्तुसंग्रहालय दाखवावे, त्रिविक्रम मंदिराच्या मागील भिंतीचा गोलावा हाताने मापू द्यावा आणि तेरणा नदी मांजरेतून गोदावरीला कशी मिळते, ते नकाशावर काढून घ्यावे. आपल्या गावचे कापड रोमपर्यंत जात होते, हे ज्या मुलाला कळले, तो टेकाडावर कुदळ चालविण्यापूर्वी क्षणभर थांबेल.

तेरसारखे नगर जिल्ह्यात एकच असले, तरी पांढर गावोगाव आहे. तेरला जे सापडले, ते शोधण्यासाठी कोणीतरी प्रथम मातीकडे आदराने पाहिले होते. तसे पाहणारा माणूस प्रत्येक गावात निघावा आणि गावाने त्यास साथ द्यावी, एवढीच अपेक्षा.